डीव्हीडीचं कव्हर बेकार आहे म्हणताय? मग या, बसून नवीन करू

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात खालच्या मजल्यावर छातीएवढं पाणी होतं. टीव्ही वर नेला, मिक्सर नेला, गव्हाची पोती नेली, आईबाबांच्या लग्नाचा अल्बम नेला, आणि माझं डीव्हीडीचं कपाट तेवढं राहिलं कारण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं नेलं असेल. पाणी उतरल्यावर दार ढकललं तर कपाट आडवं, सगळ्या केस चिखलानं भरलेल्या, मी डोक्याला हात लावून बसलो पण बायको म्हणाली एक धुऊन तर बघा, धुतली, वाळवली, लावली, तर चालू की! साठ-पासष्टातल्या सात-आठच गेल्या. कव्हरं मात्र बहुतेक सगळी गेली, कागदच तो, किती दम धरणार.

सगळी उठाठेव तिथनं सुरू झाली. रिकाम्या काळ्या केस कपाटात लावल्या तर कुठला सिनेमा कुठंय काही कळेना. मग म्हटलं त्याच सिनेमांच्या नवीन कॉप्या मिळतायत का बघू, दोन-चार मागवल्या, आणि ती नवीन कव्हरं बघून डोकंच फिरलं. एका जुन्या कृष्णधवल मराठी सिनेमाच्या कव्हरवर नायिकेला झेंडूसारखं पिवळंधमक लुगडं नेसवलेलं, मागं बर्फाचे डोंगर, आणि वर सोनेरी अक्षरं, लग्नपत्रिकेसारखी. आतला सिनेमा चुलीच्या धुरातला आणि वर बर्फ! साताऱ्याला पोवई नाक्याजवळ माझा मावसभाऊ राहतो, या बाबतीत माझ्यापेक्षा खुळा, त्याला फोटो पाठवला तर त्याचा एकच प्रश्न आला, "दादा, हे करणाऱ्यानं सिनेमा बघितलाय का?"

फॅन लोकांच्या कव्हरबद्दलच्या शंभर तक्रारी गाळल्या तर खाली हा एकच प्रश्न उरतो. मी तेव्हापासून चाळीसेक कव्हरं घरी बनवलीत, त्यातली पहिली दहा टाकाऊ होती, तर त्या दहातनं जे शिकलो ते सांगतो.

आधी पुराचं, कारण पुन्हा लागणारच

चकती भिजली असेल तर साध्या स्वच्छ पाण्याखाली धरा, चिखल आपोआप सुटू दे, नखानं खरवडू नका. मऊ सुती कापडानं पुसताना मधल्या भोकापासून कडेकडं सरळ पुसायचं, ताट पुसल्यासारखं गोल गोल नाही, कारण गोल ओरखडा डेटाच्या रेषेबरोबर धावतो आणि प्लेयरला तो जास्त त्रास देतो. सावलीत वाळवा. डीव्हीडीत डेटाचा थर दोन प्लास्टिकच्या मधे असतो, ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या, म्हणून ती पुरातनं वाचते. व्हीसीडीचं उलटं आहे, तिचा थर छापील बाजूला पातळ लॅकरच्या खालीच असतो, तेव्हा वरची चित्राची बाजू जास्त जपायची, लोक नेमकी उलटी जपतात.

कव्हरं ओली असतानाच केसमधनं काढा आणि एकेक सुटं करून वर्तमानपत्रावर पसरा. आर्ट पेपर एकावर एक वाळला की वीट होते, मग तुमचा बापजादा आला तरी सुटत नाही. माझी वीस-बावीस तशीच गेली. आणि एक, चिखलाचे डाग पडलेली कव्हरं लगेच टाकू नका, का ते पुढं सांगतो.

राग नेमका कशाचा ते लिहून काढा

"बेकार", "थर्ड क्लास", "पाट्या टाकल्यात" हे बोलून मन मोकळं होतं पण कव्हर सुधारत नाही. कागद घ्या, कव्हर समोर ठेवा आणि नक्की काय खुपतंय ते एका ओळीत लिहा. मी लिहायला लागलो तर बहुतेक वेळा रोग त्याच दोन-तीन जातीचा निघाला.

सगळ्यात मोठा रोग म्हणजे फ्लेक्स. आपल्याकडं चौकात भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो, वर साहेब, मधे भाऊ कानाला मोबाईल लावून, खाली शुभेच्छुकांची मुंडकी तिकिटाएवढी, आणि कुणाचं मुंडकं किती मोठं यावरनं नंतर भांडणं. सिनेमाच्या कव्हरचं नेमकं तेच होतं. मुंडक्याची साइज कथेवरनं ठरत नाही, नावावरनं ठरते, मग पाच मिनिटं येऊन गेलेला पाहुणा कलाकार मधोमध हसतोय आणि ज्याच्या खांद्यावर अख्खा सिनेमा आहे तो कोपऱ्यात. बाहेरच्या देशातले फॅन याला फ्लोटिंग हेड्स म्हणतात आणि तेही तितकेच वैतागलेले असतात, म्हणजे फ्लेक्स काय फक्त आपल्याच चौकात लागत नाही. आणि वाईट याचं वाटतं की पन्नास किलोमीटरवर कोल्हापुरात बाबूराव पेंटर होऊन गेले, १९१८ ला महाराष्ट्र फिल्म कंपनी काढणारा माणूस, तो स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं स्वतःच्या हातानं रंगवायचा, नावातच पेंटर, आणि शंभर वर्षांनी आपण कुठं आलो तर मुंडकी कापून चिकटवण्यावर.

दुसरा रोग थापा. कृष्णधवलला रंग दिलेला, विनोदी सिनेमाला मारधाडीचं कव्हर, "डिजिटली रिस्टोअर्ड" असा गोल शिक्का आणि आत चित्राला पाऊस लागलेला. याचा राग सगळ्यात खरा असतो कारण यात माणसाचे पैसे गेलेले असतात.

बाकी कण्याच्या तक्रारी. कणा म्हणजे केसची ती उभी पट्टी, कपाटात लावल्यावर वर्षभर तेवढीच दिसते, आणि कंपन्या सगळ्यात कमी डोकं तिथंच लावतात. एकाच मालिकेच्या तीन भागांचे कणे तीन वेगळ्या फॉन्टात आले की गोळा करणाऱ्याला कसं होतं ते ज्याचं त्याला माहीत, माझ्या बायकोला कळत नाही, तिचं म्हणणं सिनेमा आत आहे ना मग झालं.

रागाचा उपयोग होतो हं, असं नाही की नुसती वाफ जाते. जर्मनीत २००८ साली कायदा बदलला आणि वयाचं बंधन सांगणारा एफएसके शिक्का कव्हरच्या पुढच्या बाजूला डावीकडं खाली कमीत कमी १,२०० चौरस मिलिमीटरचा छापणं सक्तीचं झालं, म्हणजे आपल्या मोठ्या टपाल तिकिटाएवढा रंगीत चौकोन सरळ चित्रावर. लोक असले भडकले की बऱ्याच कंपन्यांनी कव्हरच्या आतल्या बाजूला तेच चित्र बिनशिक्क्याचं छापायला सुरुवात केली, दुकानात शिक्का बाहेर, घरी आल्यावर कागद काढून उलटा घालायचा. वेंडेकव्हर म्हणतात त्याला. ब्रिटनची ॲरो व्हिडिओ कंपनी तर एका बाजूला नवीन काढून घेतलेलं चित्र आणि दुसऱ्या बाजूला जुनं पोस्टर असं देते, म्हणजे घरात दोन मतं असली तरी भांडण नको. ही दुहेरी कव्हराची आयडिया डोक्यात ठेवा.

माप घ्या, पट्टीनं घ्या, अंदाजानं नको

डीव्हीडीची साधी केस असते तिचा कागद २७३ बाय १८३ मिलिमीटर. त्यात मागची बाजू १२९.५, कणा १४, पुढची १२९.५. ब्ल्यू-रेची केस बुटकी, तिचा कागद साधारण २७० बाय १४९, कणा ११ ते १३ च्या मधे कुठंतरी, कंपनीप्रमाणं बदलतो. पातळ डीव्हीडी केसचा कणा ७ असतो. व्हीसीडीच्या काचेसारख्या डबीत पुढं १२० चा चौकोनी कागद आणि मागं १५१ बाय ११८ चा, त्याच्या दोन्ही कडा साडेसहा मिलिमीटर दुमडून उभ्या राहतात. हे आकडे पाठ करायची गरज नाही, पण तुमच्या हातातली केस मोजल्याशिवाय सुरू करू नका, आपल्याकडं स्वस्तातल्या केस कशाही येतात, मला एकाच बॉक्समध्ये १४ आणि १५ चे कणे मिळालेत.

एवढ्या केस आणि एवढी मापं घरात आली ती एका काळाची करणी. २००७ च्या सुमाराला मोझर बेअर कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तोवर ओरिजिनल घेणं आपल्याला परवडायचं नाही, मग काय, वडापावच्या पैशात सिनेमा मिळतोय म्हटल्यावर आम्ही पोती भरली.

कॉम्प्युटरवर पान करताना चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जादा धरा, छपाईवाले त्याला ब्लीड म्हणतात. म्हणजे डीव्हीडीचं पान २७९ बाय १८९ झालं, ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) ३२९५ बाय २२३२ पिक्सेल. चित्र त्या जादा पट्टीच्या शेवटापर्यंत न्यायचं, कापताना ती पट्टी जाते. आणि जे जपायचंय, नाव, चेहरा, हात, ते कापायच्या रेषेपासून किमान ५ मिलिमीटर आत ठेवायचं. हे वाक्य दोनदा वाचा, मी एकदाच वाचलं होतं.

पुढची बाजू उजवीकडं येते. मागची डावीकडं. हे वाचून तुम्ही म्हणाल एवढं काय सांगायचं, पण मी पहिली चार कव्हरं उलटी छापून आणलीत, पुस्तकासारखं डावीकडनं सुरू करायचं म्हणून पुढची बाजू डावीकडं टाकली, केसमध्ये घातल्यावर सिनेमाचं नाव मागं आणि गोष्ट पुढं. केस उघडून पालथी टेबलावर ठेवा आणि बघा, एकदा डोळ्यांनी दिसलं की विसरत नाही.

जुनं कव्हर वाचलं असेल तर स्कॅन करा, फोनवर फोटो काढू नका, कडा वाकड्या येतात आणि ट्यूबलाइटचा पट्टा दिसतो. ६०० डीपीआयला स्कॅन करून मग ३०० ला आणा. छापील चित्र बारीक ठिपक्यांचं असतं, कमी डीपीआयला स्कॅन केलं की त्यावर जाळी दिसायला लागते, मच्छरदाणीतनं बघितल्यासारखी.

काय काढायचं हे कसं ठरवायचं

माझं उदाहरण सांगतो. "दो आँखें बारह हाथ" ची माझी डीव्हीडी पुरात गेली नाही, कव्हर गेलं. व्ही. शांताराम, १९५७, कृष्णधवल, कथा गदिमांची. आमच्यासाठी हा घरचा सिनेमा आहे कारण त्याचं मूळ आपल्या जिल्ह्यात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर, औंध संस्थानच्या काळात तिथं कैद्यांची खुली वसाहत झाली, भिंती नाहीत, शेती करायची आणि बायकामुलांसकट राहायचं. गदिमाही आटपाडी तालुक्यातलेच, शेटफळ्याचे. माझी आजी सिनेमा लागला की म्हणायची आपल्यातलीच माती हाय ती.

मी पहिलं कव्हर केलं ते असं: वर जेलर, खाली सहा कैदी ओळीनं, कोपऱ्यात नायिका संध्या. खूश होऊन मावसभावाला पाठवलं. अर्ध्या तासानं फोन. "दादा, वाढदिवस कुणाचाय?"

मला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "तुझाच फ्लेक्स केलायस की. अरे नावातच दिलंय, डोळे आणि हात, तू मुंडकी कशाला लावलीस?"

दोन दिवस बोललो नाही त्याच्याशी. पण बरोबर होतं त्याचं, ज्या रोगाच्या नावानं मी वर्षभर बोंबलत होतो तोच मला झाला होता, कारण हातात सहा चांगले फोटो असले की सहाही लावावेसे वाटतात. तेव्हापासून एक सवय लावून घेतली, कव्हर करायच्या आधी सिनेमा पुन्हा बघायचा, संपला की टीव्ही बंद, आणि डोळ्यासमोर पहिलं काय येतं ते एका ओळीत लिहायचं. चेहरा आला तर चेहरा, पण बऱ्याचदा चेहरा येत नाही. एखादा जिना येतो, बैलगाडी येते, बंद दार येतं. या सिनेमाला मला शेताची माती आली.

आता ते डागाळलेले कागद. पुरातल्या एका कव्हरच्या कोऱ्या बाजूवर गाळ बसून वाळलेला होता, बारीक भेगा पडलेला, कडेला पाण्याची तपकिरी रेघ. तो कागद तसाच स्कॅनरवर ठेवला, काचेला ओरखडे नकोत म्हणून खाली पारदर्शक प्लास्टिक घातलं, आणि ते झालं माझं बॅकग्राउंड. खऱ्या कृष्णेचा खरा गाळ. वर बारा हात पाहिजेत, बारा हातांना सहा माणसं. बायको, मावशी, मावसभाऊ, वरच्या मजल्यावरचे काका, प्रिंटच्या दुकानातला पोरगा आणि मी. परातीत कुंडीतली माती कालवली, बटर पेपरवर सगळ्यांचे दोन्ही हात उमटवून घेतले, मावशी म्हणाली डोहाळजेवणाला मेंदी काढतात तसं चाललंय तुमचं, आणि काकांनी हात धुवायच्या आधी स्वतःच्याच पांढऱ्या पायजम्याला पुसले. ठसे स्कॅन करून छोटे केले आणि पुढच्या बाजूवर कडेकडेनं मांडले, बोटं आत, मधे जागा मोकळी, तिथं नाव.

तुमच्याकडं पूर नसेल, नसू दे, देव करो आणि नसू दे. पण इंटरनेटवरनं उचललेल्या मातीच्या फोटोपेक्षा अंगणातली माती स्कॅन केलेली बरी दिसते, हे अनुभवानं सांगतो.

दुसऱ्याचं पोस्टर, फोटो वापरणार असाल तर ते आपल्या कपाटापुरतं ठेवा. छापून विकायला बसू नका, सिनेमा कितीही जुना असला तरी पोस्टरवरचा हक्क वेगळा असतो.

अक्षरं, इथं मराठी माणसाची खरी परीक्षा

इंग्रजी कव्हरची नक्कल करताना लोक कण्यावर मराठी अक्षरं एकाखाली एक लावतात, सं खाली त खाली तु खाली का. शिरोरेषा तुटते, काना एकीकडं, मात्रा दुसरीकडं, वाचायला जप करावा लागतो. नाव आडवं लिहायचं आणि सगळं मिळून फिरवायचं, बस. वरनं खाली वाचलं जाईल असं फिरवा, मग केस पुढची बाजू वर करून आडवी ठेवली की नाव सुलट येतं. कुठल्याही दिशेला फिरवा पण सगळ्या कपाटाला एकच दिशा ठेवा, नाहीतर मान डावीकडं उजवीकडं करून स्पॉन्डिलायटिस होईल.

फॉन्ट फुकट आणि चांगले मिळतात, मुंबईच्या "एक टाइप" नावाच्या फॉन्ट करणाऱ्यांचे मुक्ता आणि बालू आहेत, दोन्हीत जोडाक्षरं नीट येतात. नावाला एक फॉन्ट, मागच्या मजकुराला एक, तिसरा नको. सोनेरी ग्रेडियंट तर नकोच नको, लग्नपत्रिका छापायला वेगळी माणसं आहेत.

आणि फाइल देताना पीडीएफ द्या, अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून. हा शब्द दुकानात असाच बोलायचा, "कर्व्ह केलंय". तुम्ही उघडी फाइल दिली आणि त्यांच्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसला की रफार उडतो, क्र चा क् र होतो, आणि पोरगं बिचारं मराठी असूनसुद्धा घाईत बघत नाही. माझ्या एका कव्हरवर "प्रस्तुत" चं जे झालं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मागच्या बाजूला जे खरं आहे तेवढंच लिहा: दिग्दर्शक, संगीत, साल, किती मिनिटं, भाषा, सबटायटल आहेत का, चित्र चौकोनी आहे का पसरट, कृष्णधवल का रंगीत. बाहेरच्या देशातनं मागवलेल्या चकत्यांवर रिजन, म्हणजे चकती कुठल्या देशांतल्या प्लेयरवर चालते तो कोड, पण लिहून ठेवा, आपली डीव्हीडी रिजन ५ ची आणि ब्ल्यू-रे सी ची, पाहुण्याला उसनी दिलेली चकती त्याच्याकडं चालली नाही की तो म्हणतो तुमची खराब आहे. गोष्ट चार ओळींत, शेवट सांगू नका. हे सांगायला लागतंय कारण एका विकतच्या कव्हरवर मागं खुनी कोण ते छापलेलं मी स्वतः वाचलंय.

दाखवायचं कुणाला आणि विचारायचं काय

"कसं वाटलं?" असं विचारलं की आपल्याकडं माणूस "नाद खुळा" म्हणतो आणि चहा पितो. त्यातनं काही कळत नाही. आधी साधी झेरॉक्स काढा, काळी-पांढरी, केसमध्ये घाला, बाकीच्या केसच्या मधे कपाटात ठेवा, आणि माणसाला पाच-सहा फुटांवर उभं करून म्हणा, अमुक सिनेमा काढून दे. किती वेळ लागला ते बघा. मग केस हातात देऊन तीन सेकंदांत परत घ्या आणि विचारा काय दिसलं. सिनेमा बघितलेला एक आणि न बघितलेला एक, दोघांना विचारा, दोघांची उत्तरं वेगळी येणार. बघितलेला म्हणाला "हां, तेच की" आणि न बघितलेला म्हणाला "कशाबद्दल आहे हा?" की समजायचं जमलं.

माझी सगळ्यात कडक परीक्षक मावशी. सातारची, बहात्तर वर्षांची, चष्मा कपाळावर. ती कव्हर बघून चांगलं-वाईट म्हणतच नाही, ती नुसते प्रश्न विचारते. ही बाई रडतीय का हसतीय? हा माणूस सिनेमात आहे का? असे तिला तीन प्रश्न पडले की मी गपगुमान फाइल उघडतो.

तिथं एक शिकलो ते जाता जाता. ग्लॉसी कव्हरचा नमुना तिच्या हातात दिला तेव्हा ती कंदी पेढा खात होती. तुपाचा अंगठा उमटला तो अजून आहे. पण तो केसच्या प्लास्टिकखाली जाणार असल्यानं ग्लॉसी-मॅट याचा तसाही फार फरक पडत नाही, प्लास्टिक चमकतंच, तेव्हा मॅटसाठी जादा पैसे घालवू नका.

छपाई

सांगलीत हरभट रोडच्या आसपास, मारुती चौकात, विश्रामबागेला, कुठंही डिजिटल प्रिंटवाले आहेत, साताऱ्यातही राजवाड्याच्या बाजूला मिळतात. त्यांचं शीट १२ बाय १८ इंचाचं असतं. त्यात डीव्हीडीची ब्लीडसकट दोन कव्हरं एकाखाली एक आरामात बसतात, तेव्हा एक छापायला जाऊ नका, दोन घेऊन जा, पैसे तेवढेच. मला शीटमागं तीस रुपये पडले होते.

कागद १३० जीएसएम आर्ट पेपर मागा. काउंटरवरचा माणूस म्हणणार "साहेब ३०० चा घ्या, जाड येतो, भारी दिसतो". घेऊ नका. ३०० म्हणजे व्हिजिटिंग कार्डाचा पुठ्ठा, कण्यावर वळताना चिरतो आणि केस मिटत नाही, फुगते. लॅमिनेशन पण नको, कागद गुंडाळी होतो आणि आत सरकत नाही.

रंग स्क्रीनवर दिसतो तसा येत नाही हे आधीच मनाला सांगून ठेवा. स्क्रीन उजेडाची, कागद शाईचा, त्यात आपले पोपटी आणि निळे हमखास मरतात आणि गडद सगळं अजून गडद होतं. माझा गाळ पहिल्या प्रिंटला डांबर झाला होता. म्हणून फाइल सीएमवायके मध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या हिशेबानं, करून थोडी उजळ ठेवा, आणि एक शीट आधी काढून दुकानाच्या बाहेर उन्हात नेऊन बघा, आतल्या ट्यूबलाइटखाली सगळंच हिरवट दिसतं.

कापताना कात्री नाही. स्टीलची पट्टी आणि कटर, खाली जुनं कॅलेंडर. रुंदी २७३ च्या जागी २७२ कापा, एक मिलिमीटर कमी असला की कागद प्लास्टिकमध्ये लोण्यासारखा सरकतो, पुरता २७३ ठेवला तर मधे फुगा येतो. कण्याच्या दोन रेषांवर संपलेल्या बॉलपेननं पट्टी धरून एकदा ओढा, मग वळवा. घालताना केस पूर्ण उघडी, पालथी, दोन्ही बाजू एकदम थोड्या थोड्या आत.

तर बारा हातांचं कव्हर असं छापून, कापून, घालून तयार झालं आणि गणपतीत मावशी-मावसभाऊ सांगलीला आले तेव्हा मी मोठ्या ऐटीत ते मावशीच्या हातात दिलं. तिनं चष्मा खाली घेतला. बघत बसली, बघत बसली, मला वाटलं भरून आलं असेल तिला. मग बोट ठेवून मोजायला लागली.

"अकराच आहेत."

मी म्हटलं बारा आहेत गं, मी मांडलेत. "मोज तूच." मोजले. अकरा. बारावा हात उजव्या कोपऱ्यात मी अगदी कडेला टाकला होता, ब्लीडच्या पट्टीवर, कटरनं तो गेला आणि आत नुसता एक अंगठा उरला होता, मातीचा, एकटाच वर आलेला.

"आणि हा अंगठा कुणाचा?"

तो मावसभावाचा होता. सगळे हात पाच मिलिमीटर आत घेऊन दुसरं शीट काढलं ते आता केसमध्ये बाहेरच्या बाजूला आहे, अकरा हातांचं त्याच्या मागं उलटं घालून ठेवलंय, जर्मन लोकांसारखं, आणि एमकॉम झालेल्या आमच्या मावसभावाला घरात सगळे अंगठाबहाद्दर म्हणतात.